खाते नंबर एकशे सतरा

सकाळी सहाला डेअरीचं शटर वर जातं
आणि मी मशीनला बसते.
अख्ख्या आमणापूरचं दूध माझ्या हाताखालून जातं –
फॅट सहा पॉइंट चार, एसएनएफ नऊ,
पावती फाड, पुढचा कॅन.
अकरा वर्षं.
वास असा मुरलेला की एस.टी.त शेजारची बाई विचारते,
म्हशी किती हो तुमच्या?

एकच. चंद्री.
खाते नंबर एकशे सतरा, माझ्याच नावावर.

मागल्या दिवाळीत तिला टोणगा झाला.
रेडी असती तर दिनकरनं शेजारी गूळ वाटला असता.
टोणगा म्हटल्यावर नुसतं ‘बरं’ म्हणाला
आणि दावं आखूड बांधलं.
पान्हा फुटेपर्यंत त्याचं तोंड,
फुटला की माझी बादली.
ओढून बाजूला केला की त्याच्या ओठांवरचा फेस
मी पदरानं पुसायचे.
का पुसायचे, कोण जाणे.

अडीच महिन्यांनी टेम्पो आला.
फळीवर तो चढेना.
मग मी माझी बोटं त्याच्या तोंडात दिली
आणि एकेक पाऊल मागं सरकत गेले.
दुधाचा वास होता हाताला.
तो चोखत चोखत वर आला.
हे दिनकरला माहीत आहे, टेम्पोवाल्याला माहीत आहे.
बाकी कुणाला आजवर सांगितलं नव्हतं.

चंद्री तीन दिवस ओरडली.
चौथ्या दिवशी तिची फॅट पाच पॉइंट एक.
मी पावती फाडली.
घरी येऊन कपात बघितलं, वर साय धरलेली,
आणि चहा घशाखाली उतरेना.

भूपालअण्णा मगदूम, दिवस मावळायच्या आत जेवणारे,
मुंगीला वळसा घालून जाणारे, तेही म्हणाले,
‘अगं, मटण सोडतात. दूध कोण सोडतं?’
पोरीनं कॉलेजातून शब्द आणला : व्हेगन.
दिनकरचा मित्र पारावरून ओरडला,
‘वॅगनार? कधी घेतली रे?’

मटण गेलं, अंडं गेलं, दही गेलं.
सासूबाई म्हणाल्या, मग उरलं काय?
शेंगा उरल्या.
भिजवून, वाटून, फडक्यातून पिळून दूध काढलं,
चहात घातलं, फाटलं.
दुसऱ्या दिवशीही फाटलं.
तेव्हापासून गुळाचा कोरा, वर गवती चहाची पात.
भाकरीबरोबर अख्खा मसूर, जवसाची चटणी,
आणि हळद, आमच्या सांगलीची,
ती काय, दुधावाचूनही पिवळीच.

सहा महिन्यांनी मिरजेला रिपोर्ट.
साखर उतरली. दवाखान्याच्या जिन्यावर गुडघे बोलले नाहीत.
डॉक्टरीणबाई खुश, पण चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
‘बी-ट्वेल्व्ह कमी आहे. गोळी चुकवायची नाही.
दया पोटात गेली म्हणून तिचं जीवनसत्त्व होत नाही.’
गोळी घेते. रविवारी, न चुकता.

आणि सोमवारी परत मशीनला बसते.
हो. पगार त्याच दुधाचा आहे.
सखूच्या पोराची फी त्याच कॅनात असते,
मला माहीत आहे, तिची पावती मीच फाडते.
कुणाला शिकवायला तोंड नाही माझ्याकडे.

चंद्री आटली तेव्हा दिनकर म्हणाला, काढू.
मी म्हणाले, वैरण माझ्या पगारातून.
दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी सायकलवरून उसाचं वाडं आणलं,
तिच्यापुढं टाकलं,
आणि माझ्याकडं न बघता हातपाय धुवायला गेला.

सेक्रेटरी म्हणतात, एकशे सतरा बंद करून टाका.
राहू दे म्हणते. रोज आडवी रेघ मारते.

संध्याकाळी गोठ्यात गेले की ती माझा हात हुंगते.
वरवर शेंगदाण्याचा वास,
त्याखाली अजून दुधाचा.
एकेक बोट करून बराच वेळ हुंगते.
मी हात काढून घेत नाही.