दहानंतरचा आवाज

वरच्या मजल्यावर फर्गस रात्री दहानंतर
काहीतरी घासत असतो, खर्र खर्र.
डंडीत भिंती पातळ, पगार त्याहून पातळ.

भांडायलाच गेले वर.
दार सताड. भुशानं पांढऱ्या झालेल्या भुवया.
रस्त्यावर कुणी टाकून दिलेलं कपाट, चार खण,
तीन पाउंडांत उरलासुरला निळा रंग,
मुठींच्या जागी वाकवलेले चमचे.

वरच्यात बिलं, मग मोजे,
मग स्क्रू, जॅमच्या बरणीत.
‘आणि खालचा?’
‘व्हारीचा. एक शनिवार सोडून येते.
पिशवी अजून
दाराशीच ठेवते, न उघडता.’

खण अडकत होता.
घरून मेणबत्तीचं थोटूक आणलं,
बसले कडा चोळत.

साडेअकराला शेजारच्या पेट्रीबाईंनी
भिंत ठोकली,
दोघांच्या नावानं.