शंभर किलोमीटरला साडेचौदा

पूर्वी अकरा लिटर लागायचं. आता साडेचौदा.
खणातल्या वहीत तारीख, लिटर, किलोमीटर,
अक्षर माझंच,
खोटं कसं म्हणू?

शनिवारी गाडीखाली शिरलो.
एअर फिल्टरमध्ये मेपलच्या बिया,
उंदराने रचलेला कापूस.
थंडीने आक्रसलेले चारही टायर; हवा भरली.
प्लग बदलले.
छतावरची पेटी उतरवली,
जुलैपासून रिकामीच वाऱ्याशी झुंजत होती.
मागच्या सीटखालून निघाले
ओन्नीचे हॉकीचे पॅड, मिठाची गोण,
सिस्कोचा एकच बूट.
कुंपणापलीकडून टोइवो म्हणाला,
"मिनीव्हॅन कसली, कोठार आहे हे!"

पुढची टाकी: चौदा.

मग एका मंगळवारी, थंडर बेमध्ये उणे सव्वीस,
मी खिडकीशी भांडी पुसत होतो.
आयरी कामावरून आली.
गाडी दारात लागली. दिवे विझले.
इंजिन चालूच.
पाच मिनिटं. नऊ. सतरा.
काच आतून धुरकटली, तिच्यामागे ती,
हात स्टिअरिंगवर,
कुठेही न जाता.
इकडे मुलं रिमोटवरून हातघाईवर.

आत येऊन बूट झटकत म्हणाली,
"रस्त्यावर फार बर्फ होता."
"असेल," मी म्हणालो.

रात्री वही उघडली.
रोजच्या अर्ध्या लिटरचा हिशोब लागला होता.
लिहिला नाही.

दारावरचा दिवा मात्र आता
तिच्या वेळेआधीच मालवतो,
आणि मुलं हाक मारायला धावली की
दटावतो हळूच:
थांबा रे,
आई अजून पोचायची आहे.