आकडी

तो आत आला की मी उठून उभी राहते.
गुडघे कुरकुरतात, तरी.
रेव्हरंड अनुग्रह शिरसाट, पांढरा झगा, ताठ कॉलर,
आणि मला दिसतो रविवारशाळेतला अनू,
बाहीला नाक पुसणारा,
ज्याला तेविसावं स्तोत्र काही केल्या
पुरं येत नसे.

आग्रीपाड्यात मेंढरू कुणी पाहिलेलं?
बकरी ईदेच्या आधी गल्लीत बांधलेले बोकड,
तेवढाच आमचा कळप.
मेंढपाळ कॅलेंडरवर, निळ्या डोळ्यांचा,
पायांना चिखल म्हणून नाही.
मी फळ्यावर खडूनं काठी काढायची,
शेजारी आकडी:
ही हाकायला, अनू.
आणि हिचं टोक वाकडं, ते
खड्ड्यात पडलेल्याला वर ओढून घ्यायला.
तो काठी म्हणायचा. आकडी गाळायचा.
दर वेळी. नेमकी.
मी नुसते ओठ हलवायचे,
माझ्या तोंडाकडे बघत तो पुढे सरकायचा.

झावळ्यांच्या रविवारी त्यानं अधीनतेवर उपदेश केला,
चाळीस मिनिटं.
पुढाऱ्यांचं ऐका, तुमच्या जिवांचा हिशेब
शेवटी त्यांनाच द्यायचा आहे.
मग चहाच्या टेबलापाशी, हातात कप:
बाई, ती गुरुवारची प्रार्थना आता बंद करा.
कमिटीची परवानगी नाही.
बायका तुमचं ऐकतात, मंडळीचं नाही.

अकरा वर्षं. बीआयटी चाळ,
तिसरा मजला, खोली त्रेचाळीस.
सात बायका, दोन चटया.
मी म्हणाले, बरं.

रूथ सोनकांबळे जिन्यातच भडकली,
कालचं पोरगं आणि तुम्ही बरं म्हणता!
म्हटलं, त्याला शिकवलं कुणी?
मोठ्यांचं ऐकावं, उलट बोलू नये,
हेही मीच शिकवलं. पट्टीनं.

चटया गुंडाळून कपाटावर ठेवल्या.
गुरुवारी सात वाजता मी भांडी घासते.
आदळून.
मनात प्रार्थना करते की नाही,
तो हिशेब त्याला देत नाही.

मग मार्थाचा नवरा गेला. वसंत ओहोळ,
गोदीत क्रेनवर हयात काढलेला,
बोटीतली अख्खी ट्रक उचलून
फुलासारखी खाली ठेवायचा म्हणे.
शिवडीला पुरायचं होतं. खाडीकडून वारा,
विधीच्या पुस्तकाची पानं उलटत सुटली,
अनूचा चष्मा टॅक्सीत राहिलेला.
तो तोंडपाठ म्हणू लागला.
कुरण झालं, पाणी झालं,
अंधाराची दरी आली,
आणि काठीशी येऊन थांबला.

कमिटीचे सहा पुरुष, सहाही माना खाली.
पाळकाला शब्द पुरवायचा कुणी?
दोर धरलेल्यांचे हात थरथरत होते,
पेटी अर्ध्यावर.
मार्था मातीच्या ढिगाकडे बघत होती,
जणू तो ढीगच आता काही बोलेल.

त्यानं मान वर केली.
एकेक चेहरा सोडत सोडत
माझ्यापर्यंत आला.
तेच डोळे. सात वर्षांचे.

मी ओठ हलवले.

गेटपाशी तो म्हणाला, सलाम, बाई.
मी म्हणाले, सलाम, पाळकसाहेब.
त्यापुढे तो काही बोलला नाही. मीही नाही.
रविवारी सूचना वाचल्या:
पाण्याची टाकी, सहलीची वर्गणी,
वार्षिक सभा. गुरुवारचं नाव नाही.

काल साडेसहाला मार्था आली.
पांढरं पातळ, हातात रिकामी पिशवी,
बाजारात निघाले होते, म्हणाली.
बसली. कपाटावरच्या चटयांकडे बघत राहिली.
मी चहा टाकला.
एक बाई आली तर ती पाहुणी,
सभा नव्हे, असं मी स्वतःलाच समजावलं,
साखर दोनदा घातली.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली.
चपला नव्हेत. बूट.
दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबले,
पुन्हा चढू लागले.

मी गॅस बारीक केला
आणि उठून उभी राहिले.