उणे तीन

फेब्रुवारीतच स्वेटर धुऊन ठेवून दिले होते आम्ही.
उन्हाला घाई झाली होती,
त्याच्या नादी लागून झाडांनाही.
मार्चच्या मध्यावर जर्दाळूंच्या बागा पांढऱ्याफेक,
आणि येरानुही काठीवर हनुवटी टेकून म्हणाली,
"न बोलावता आलेला पाहुणा
जेवून तर जातोच, जाताना काहीतरी उचलूनही नेतो."
कुणी ऐकलं नाही. सगळे फोटो काढत होते.

एकोणतीस तारखेला दुपारी वारा पडला.
आभाळ घासून ठेवल्यासारखं. सीमेपलीकडचा आरारात इतका जवळ
की हात लांबवला तर बर्फ नखात यावा.
डोंगर असा लख्ख दिसला की आमच्याकडे
बायका दोरीवरचे कपडे आत घेतात
आणि पुरुष उगाचच ट्रॅक्टरभोवती चकरा मारतात.

थर्मामीटर शेवटच्या रांगेत, सखल जागी,
जिथे गारठा पाण्यासारखा साचतो.
दर अर्ध्या तासाने राझ्मिक जाऊन बघायचा
आणि तिथूनच ओरडायचा:
"दोन!"
"एक!"
"शून्य!"
मग त्याने ओरडणं थांबवलं.

तीन वाजता ओला पेंढा पेटवला.
टायर जाळायचे नाहीत असं गावसभेने बजावलंय,
म्हणून टायर फक्त तातेवोसच्या बागेत जळाले.
तातेवोस गावसभेत आहे.
धूर वर जाऊ नये, फांद्यांत बसून राहावा,
यासाठी वाऱ्याने गप्प राहायला हवं,
आणि वारा गप्प बसला म्हणून तर हे सगळं.

नवार्दने माळ्यावरून लोकरीच्या गाद्या ओढून काढल्या,
लग्नातली निळी रजईसुद्धा.
दारापुढच्या तीन वर्षांच्या रोपाला ती गुंडाळली,
वरून दोरी, दोरीला गाठ,
शाळेत जाणाऱ्या पोराच्या मफलरला मारावी तशी.
पोरगा क्रास्नोदारला ट्रक चालवतो.
रोप त्यानंच लावलेलं, जायच्या आदल्या दिवशी.
चार वाजता त्याचा फोन. "किती आहे?"
"उणे एक," ती म्हणाली.
होते उणे तीन.

हमाझास्प येणार नव्हताच.
लागोपाठ दोन वर्षं कळ्या गेल्यावर
त्यानं झाडं तोडली, लसूण लावला.
तरी त्याच्या खिडकीत रात्रभर दिवा,
आणि साडेचारला तो पेंढ्याचा भारा घेऊन आला,
कुणाच्याच फाटकाशी न थांबता
मधल्या रस्त्यावर टाकून परत गेला.

उजाडलं. डोळे लाल, भुवयांवर राख,
चहालाही धुराची चव.
आता एकच काम: कळी नखाने उभी चिरायची.
आत हिरवा ठिपका, तर जिवंत.
काळा, तर बाहेरून कितीही पांढरी असो.
फूल चार दिवस खोटं बोलू शकतं.
राझ्मिकने दहा चिरल्या. नऊ काळ्या.
दहावी त्यानं तळहातावर धरून सगळ्यांना दाखवली,
हिरवीगार,
आणि मागून कुणीतरी म्हणालं,
"अरे गाढवा, तेवढीच तर वाचली होती!"
हसलो. खोकत खोकत, पोट धरून हसलो.

आठच्या सुमाराला येरेवानहून तो माणूस आला,
जर्दाळूच्या जुन्या लाकडाचे दुदुक कोरणारा.
तो फुलांकडे बघत नाही, खोडांकडे बघतो.
वाईट नाही तो. सूर चांगला लागतो म्हणतात त्याच्या हातचा.
पण आज त्याला कुणी बस म्हटलं नाही.
शेवटी येरानुहीनेच कप पुढे केला:
"पी. आणि दहा वर्षांनी ये."

ऊन चढलं. लोक अंगावरचे कपडे न बदलताच झोपायला गेले.
गावभर दोऱ्यांवर गाद्या, धुराच्या वासाच्या.
एक निळी रजई तेवढी तशीच, रोपाभोवती.
नवार्द गाठीवर हात ठेवून उभी.
"सोड की आता," मी म्हटलं. "बघू तरी आत काय झालंय."
तिनं डोंगराकडे पाहिलं. अजून तितकाच जवळ.
"आजचीही रात्र आहे ना," ती म्हणाली,
आणि दोरीला आणखी एक गाठ मारली.