दुसरा फेलिक्स

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ
शोधू नये म्हणतात.
खाणकामगाराचं शोधावं की नाही
याबद्दल कुणी काही सांगून ठेवलेलं नाही,
म्हणून मी दर गुरुवारी क्लीटर मूरहून
बसने व्हाइटहेवनला जाते,
अभिलेखागाराच्या दारात पेन जमा करते
आणि पेन्सिल घेऊन बसते.

पणजोबा, फेलिक्स मॅकअलिंडन.
१८७१ची शिरगणती, घर क्रमांक चौदा,
दोन खोल्या, अकरा माणसं.
बायको रोझ-अ‍ॅन, चार मुलं, मेव्हणा,
शिवाय चार भाडेकरू,
ज्यांची नावं मी उतरवली नाहीत;
पोटभाडेकऱ्यांसाठी कोण पेन्सिल झिजवतं.
पाळीपाळीने एकाच अंथरुणात निजत असणार ते,
एक खाणीत उतरला
की त्याची ऊब दुसऱ्याला आयती.

जन्मस्थानाच्या रकान्यात, धाकटी दोघं सोडली
तर नऊ वेळा तोच एक शब्द: आयर्लंड.
गाव नाही, परगणा नाही.
कुठून आलास विचारावं
आणि माणसाने नुसता समुद्राकडे हात करावा, तसं.

आडनाव लिहिणाऱ्याच्या कानावर सोडलेलं.
मॅकलिंडन, मॅकलँडन,
एका ओळीत तर आळसाने नुसतं लिंडन.

विनीआत्या सांगायची,
इथल्या लोखंडाची माती तांबडी,
चौथं पाणी बदललं तरी धुणं गुलाबीच निघायचं.
उशीवर डोक्याएवढा डाग.
शेवटची आंघोळ घालतानाही
मोरीतून लालच वाहायचं,
आणि बायका एकमेकींना सांगायच्या, रक्त नाही गं,
पगार आहे तो.

मग सापडला: नोव्हेंबर १८८२,
छत कोसळून फेलिक्स मॅकअलिंडन, वय एकेचाळीस.
वर्तमानपत्रात दोन ओळी,
त्यातली दीड ओळ खाणीच्या मालकाबद्दल.
मी तिथेच रडले.
टायसन नावाचे तिथले गृहस्थ काही बोलले नाहीत,
फक्त दस्तऐवज ओला होऊ नये म्हणून
अलगद माझ्यापासून लांब सरकवला.
दोन वर्षं फुलं नेली मी त्याच्या थडग्यावर.
शेवाळ खरवडलं माझ्याच स्वयंपाकघरातल्या चमच्याने.

गेल्या गुरुवारी आजोबांचा बाप्तिस्मा मिळाला.
एप्रिल १८८५.
बाप: फेलिक्स मॅकअलिंडन, हयात.

बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.
मेलेल्या माणसाला
अडीच वर्षांनी मूल होत नाही,
आयरिश असला तरी.

मग मागे गेले, लग्नाच्या नोंदीपर्यंत.
१८८४, फेलिक्स, वय तीस, राहणार
घर क्रमांक चौदा,
विधवा रोझ-अ‍ॅनकडे भाड्याने.
आणि आणखी मागे, त्याच शिरगणतीत,
अकरावी ओळ, मी ओलांडून गेलेली:
लिंडन, एफ., सतरा, अविवाहित, भाडेकरू.

हा माझा.
शेजाऱ्याच्या शेळीवरून भांडून
पाच शिलिंग दंड भरलेला,
सत्तावन्नाव्या वर्षी खोकत खोकत अंथरुणात गेलेला.
त्याच्याबद्दल रडू आलं नाही.
जरा हसू आलं, आणि भूक लागली.

पण तो दुसरा,
ज्याच्या छपराखाली माझा पोरगेला माणूस
उबदार अंथरुणात शिरायचा,
त्याची मुलं कुठे गेली कळत नाही.
एक डरहॅमकडे, दोघं बहुधा बोटीने लांब.
थडग्यावर माझ्याशिवाय कुणाचा चमचा फिरलेला नाही.

यंदा दफनभूमीच्या कचेरीत
दगड सरळ करून घ्यायचा अर्ज दिला.
कारकून मुलगी म्हणाली, एक रकाना राहिलाय.
मृताशी नातं.
पेन तिचंच घेतलं.
मी लिहिलं: भाडेकरू.