नदीकाठ, हवेशीर

रविवारच्या पुरवणीत, चौकटीत:
दोन बेडरूम, तळमजला, नदीकाठ, हवेशीर.
नवा रंग. टायटल क्लियर.
मालक परदेशी जात असल्याने तातडीने.

भाची म्हणाली, मावशी, फोटो बघ, किती उजेड!
बघितले. उजेड ट्यूबलाइटचा होता,
पडदे सहाही फोटोंत ओढलेले
आणि एकाही फोटोत फरशी नव्हती.
कमरेपासून वरचंच घर होतं ते,
ओळखपत्रावरच्या माणसासारखं.

प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे हातात आले
की माणूस शब्दांना बिचकायला लागतो.
प्रशस्त म्हणजे एकही कपाट नाही.
स्टेशन सात मिनिटांवर, म्हणजे पहाटे तीनला, रिकाम्या रस्त्याने.
अकराशे चाळीस फूट कसे, तर
जिन्याचा वाटा, लिफ्टचा वाटा
(तळमजल्याला लिफ्टचा वाटा!)
आणि बहुतेक अंगणातल्या कडुलिंबाची सावलीही धरून.
हे सगळं कळत होतं. तरी गेले.
एकतीस वर्षं भाड्याच्या भिंतीत
खिळा ठोकायलाही विचारावं लागलं,
म्हणून गेले.

सरितकुंज सोसायटी, समा.
हेमांगभाई बोटावर किल्ली फिरवत दारात.
"बेन, आवुं घर फरी नहीं मळे."

लोक आधी स्वयंपाकघर बघतात. मी मीटर बघते.
वीज कंपनीत सव्वीस वर्षं बडोद्यातले मीटर वाचले,
वाकून, उकिडवं बसून, कुत्री अंगावर घेत;
इथला वाचायला स्टूल लागलं असतं.
बटणं माझ्या कपाळाच्या रेषेत.
फ्रिज सिमेंटच्या चौथऱ्यावर.
देव्हारा पार माळ्याखाली,
देवांनाही कोणीतरी घाईने उचलून ठेवल्यासारखा.
नवा रंग छातीपर्यंतच होता.
त्याच्या वर जुना, जरासा पिवळट,
आणि दोहोंचा जोड झाकायला
हाताने काढलेली वेलबुट्टी.

शेजारचा पोरगा सायकल थांबवून ओरडला,
"आंटी, अहियां मगर आव्यो'तो!"
हेमांगभाई हसले. मोठ्याने, आणि जरा जास्तच वेळ.

मालक, खानविलकर, चौकटीला टेकून उभे.
परदेश कुठला, मी विचारलं.
"नाशिक," ते म्हणाले. "लेकीकडे."
त्यांच्या खांद्यामागे लाकडावर पेन्सिलीच्या रेघा:
ऋजुता, वय नऊ.
दहा.
साडेअकरा, मुंजीच्या दिवशी, दादाच्या.
मग एकदम बारावी.
नऊच्या खाली नुसता ऑइलपेंट, चकचकीत.

"आणि लहानपणच्या?"
त्यांनी वळून त्या जागेकडे पाहिलं,
जणू मीच आत्ता तिथे बोट ठेवलं होतं.
"होत्या," म्हणाले.

मग विचारलं, पाणी कुठवर आलं होतं.
त्यांचा हात आपसूक छातीशी गेला,
आडवा, तळवा खाली,
बरगडीवर क्षणभर थांबला.
हेमांगभाई खोकले.
हात हळूहळू उतरू लागला,
कमरेवरून, मांडीवरून,
आणि गुडघ्यापाशी येऊन थांबला.
"इतकंच," ते म्हणाले, फरशीकडे बघत.

रागावता आलं असतं मला.
मीटरशी लबाडी करणारे मी ढिगाने पकडलेत,
लोहचुंबक लावणारे, तार उलटी जोडणारे;
पण स्वतःच्या छातीवरून पाणी
असं हाताने उतरवणारा माणूस पाहिला नव्हता.
दिलेला चहा प्यायले. गोड होता.
पायऱ्या उतरताना मोजल्या: दोन.

पुढच्या रविवारी तीच चौकट,
किंमत दोन लाखांनी खाली.
दोन बेडरूम, तळमजला, हवेशीर. नवा रंग.
नदी तेवढी काढून टाकली होती.