मूळ देश

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत, प्लॉट नंबर सतरा,
वरच्या मजल्यावर माझं टेबल.
खाली भट्टी. त्यामुळे बिलांच्या फायलींना
भाजलेल्या टरफलांचा वास येतो,
डब्यातल्या चपातीला येतो,
आणि बायको म्हणते, मलाही.

मी कागद करतो.
माल दुसरंच कुणी करतं.

बेनिनहून बिया येतात, कोतोनू बंदरातून,
महिना-दीड महिना समुद्रावर, मग मुरगाव, मग ट्रक.
पोत्यांवर फ्रेंच अक्षरं.
त्यातलं आम्हांला वाचता येतं फक्त वजन.

सुकांती माजिक पोतं उसवते
तेव्हा आधी बाहेर पडते तांबडी धूळ.
"आमच्या खाणींवयली कशी," ती म्हणते आणि खाकरते.
एकदा बियांत सापडली निळी फणी,
दोन दात मोडलेली, लहान मुलीच्या हाताची.
तिने ती खिडकीच्या गजाला बांधून ठेवली.
"कोण तरी सोदता आसतलें."

पौंडात एकशेऐंशी बसले तर मोठा दाणा, राजा.
तीनशेवीस बसले तर साधा,
दुकानांत बहुतेक तोच.
हे मी यादीत बघून सांगतो.
सुकांती मोजत नाही,
तिची बोटं बोलता बोलता वेगळं काढतात
अख्खं, पाकळी, तुकडा, डागी.

चतुर्थी संपली आणि पाहुणे आले,
डोक्याला जाळीच्या टोप्या, बुटांना पिशव्या.
एक्कावन्न टक्के.
थेट परकीय गुंतवणूक, मी फायलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं.
थेट म्हणजे मध्ये कुणी नाही.
मध्ये आम्ही होतो,
एकशे चौदा बायका, भट्टीवाला गोकुळदास आणि मी.

मग कॅमेऱ्याचं यंत्र आलं.
त्याला आधी शिकवावं लागतं, इंजिनियर म्हणाला.
नऊ दिवस सुकांतीने त्याच्यापुढे ढीग लावले,
हा चांगला, हा वाईट,
हा वाईट दिसतो पण चांगला.
शेवटच्या दिवशी तिने विचारलं, "ह्याका पगार कितलो?"
इंजिनियरने माझ्याकडे पाहिलं.
मी इंग्रजीत सांगितलं,
ती विचारतेय, हे किती वेगाने चालतं.
तो खूश झाला. आकडा सांगितला.
तो आकडा मी तिला सांगितला नाही.

आता कंटेनर रॉटरडॅमला निघालाय.
दाखल्यात आठवा रकाना: मूळ देश.
झाडाचं म्हणाल तर ते ब्राझीलचं,
पोर्तुगीज जहाजातून आलं
आणि चारशे वर्षांत सासरचं माहेर करून बसलं.
बी बेनिनची.
पण नियम असा, की इथल्या कामाने किंमत पुरेशी वाढली
तर माल इथला.
म्हणून विक्रीच्या भावातून बियांचा भाव वजा,
उरलं त्याचे टक्के.
त्या उरलेल्यात आहे वीज, बँकेचं व्याज, माझा पगार,
आणि बावीस वर्षं बिया फोडताना
टरफलाच्या तेलाने खाल्लेली
सुकांतीची दहा बोटं.
टक्के पुरतात. दरवेळी पुरतात.
मी लिहितो: भारत. शिक्का मारतो.

तेवढ्यात ती जिन्यावर.
"बाबा, आंगठो परत लागना."
दारातल्या हजेरीच्या यंत्राला
तिच्या अंगठ्यावर रेघाच सापडत नाहीत.
सकाळी सातपासून ती खाली कामावर आहे
आणि पडद्यावर गैरहजर.
मी जुनी वही काढतो, तिच्या नावापुढे
पेनाने लिहितो: हजर.
ती वाकून बघते, वाचता येत नसलं तरी.
मग खाली जाते.

पेनाची हजेरी एक तारखेपासून बंद,
असं रॉटरडॅमचं पत्र टेबलावर आहे.
गुरुवारी आलंय.
बायकांना समजावून सांगा, अशी खाली ओळ.

भाषांतर करतोय.